धातूंतील अणुदोष व बद्ध वायू : संगणकीय प्रतिमानीकरणाचा इतिहास

धातूच्या स्फटिकातील अणूंच्या नियमित मांडणीत असणाऱ्या उणिवांना अणुदोष म्हणतात. हायड्रोजन, हीलियम, क्रिप्टॉन, झेनॉन यांसारख्या वायूंचे अणू धातूत शिरले, तर ते बहुधा अशा दोषांच्या ठिकाणी अडकून राहतात. त्यांना बद्ध वायू म्हणतात. या दोषांचे व वायूंचे वर्तन अणूंमधील प्रेरणांवरून गणिताने काढण्याची आणि त्यासाठी संगणकाचा उपयोग करण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. अणुभट्टीतील पोलाद किती फुगेल, नळ केव्हा ठिसूळ होईल, इंधनाचे आवेष्टन किती वर्षे टिकेल यांसारख्या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष प्रयोगाने मिळण्यास अनेक वर्षे लागतात. काही बाबतींत तर असा प्रयोग करण्याची सोयच उपलब्ध नाही. म्हणून या विषयाला केवळ सैद्धांतिक नव्हे, तर व्यावहारिक व सुरक्षाविषयक महत्त्वही प्राप्त झाले आहे.

दोषांचे प्रकार : स्फटिकातील अणू ज्या काल्पनिक चौकटीत बसलेले असतात तिला जालक म्हणतात. जालकातील एखाद्या स्थानी अणू नसेल, तर त्या जागेला रिक्त स्थान म्हणतात. याउलट जालकातील स्थानांच्या दरम्यान एखादा जादा अणू घुसलेला असेल, तर त्याला आंतरस्थ अणू म्हणतात. एकाच आघाताने अणू आपल्या जागेवरून उडून दुसरीकडे घुसला म्हणजे रिक्त स्थान व आंतरस्थ अणू यांची जोडी निर्माण होते. तिला रशियन भौतिकीविज्ञ याकव्ह फ्रेंकेल यांच्या नावावरून फ्रेंकेल जोडी असे म्हणतात. यांशिवाय अणूंचा एक अर्धा थर मध्येच संपल्यामुळे होणारा रेषीय दोष म्हणजे स्थानभ्रंश होय. स्थानभ्रंशाची कल्पना जी. आय्. टेलर, ई. ओरोवान व एम्. पोलान्यी यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली.

रिक्त स्थाने हा धातूचा अपघाती दोष नसून उष्णतेमुळे ती निसर्गतःच निर्माण होतात. आर्. ओ. सिमन्स व आर्. डब्ल्यू. बॅलुफी यांनी १९६० मध्ये ॲल्युमिनियमाची लांबी व जालकाचे माप यांच्या वाढीची तुलना करून वितळबिंदूजवळ दर १०,००० स्थानांमागे सु. ९ स्थाने रिक्त असतात, असे दाखविले. हे प्रमाण अल्प दिसले, तरी घन धातूत अणूंचे विसरण मुख्यत्वे या रिक्त स्थानांमुळेच होते. आंतरस्थ अणू निर्माण करण्यास मात्र कितीतरी जास्त ऊर्जा लागते; त्यामुळे केवळ उष्णतेने ते जवळजवळ निर्माण होत नाहीत. न्यूट्रॉन वा इतर वेगवान कण धातूवर आदळले, म्हणजे ते मोठ्या संख्येने उत्पन्न होतात.

संगणकपूर्व काळ : फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये आणि सी. वाग्नर व डब्ल्यू. शॉट्की यांनी १९३० मध्ये स्फटिकातील बिंदुदोषांचा सिद्धांत मांडला. धातूंच्या बाबतीत पहिले सविस्तर गणित अमेरिकेत एच्. बी. हंटिंग्टन व फ्रेडरिक साइट्स यांनी १९४२ मध्ये केले. तांब्यातील अणू एकमेकांशी थेट जागांची अदलाबदल करून सरकतात, आंतरस्थ अणूंच्या रूपाने सरकतात, की रिक्त स्थानांच्या साहाय्याने सरकतात, असा त्यांच्यापुढील प्रश्न होता. हाताने केलेल्या या गणितावरून रिक्त स्थानांचा मार्ग सर्वांत कमी ऊर्जेचा ठरला. पुढे १९४७ मध्ये ए. डी. स्मिगेल्स्कस व ई. ओ. कर्केंडॉल यांनी पितळ व तांबे यांच्या सांध्यावर मॉलिब्डेनमाच्या बारीक तारा ठेवून सांधा तापविला, तेव्हा त्या तारा जागेवरून सरकल्याचे दिसून आले. जस्त व तांबे यांचे अणू थेट अदलाबदल करीत असते, तर तारा सरकण्याचे कारण नव्हते. अशा रीतीने गणिताने काढलेल्या निष्कर्षाला प्रयोगाचा आधार मिळाला.

याच सुमारास या विषयाला नवी निकड प्राप्त झाली. अणुभट्टीतील वेगवान न्यूट्रॉन ग्रॅफाइटातील अणूंना जागेवरून हलवतील व ग्रॅफाइटाचे गुणधर्म बदलतील, हे युजीन विग्नर यांनी १९४२ मध्येच ओळखले होते. विस्थापित अणूंमध्ये साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडू शकते. ब्रिटनमधील विंडस्केल येथील अणुभट्टीच्या ग्रॅफाइटातील ही ऊर्जा नियंत्रितपणे काढून टाकण्यासाठी अनुशीतन चालू असताना ऑक्टोबर १९५७ मध्ये आग लागली आणि किरणोत्सर्गी द्रव्य वातावरणात पसरले. ग्रॅफाइट धातू नसले, तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या अणुदोषांचा हिशेब चुकल्यास त्याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे या घटनेने अभियंत्यांच्या ध्यानात आणून दिले.

धातूंच्या बाबतीत एका न्यूट्रॉनाच्या आघाताने किती अणू विस्थापित होतील, याचे साधे सूत्र जी. एच्. किंचिन व आर्. एस्. पीझ यांनी १९५५ मध्ये दिले. बिलियर्डच्या चेंडूंप्रमाणे एका अणूने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास धक्का द्यावा, अशी त्यांची कल्पना होती. जे. ए. ब्रिंकमन (१९५४) व आल्फ्रेड झेगर (१९५८) यांनी मात्र आघाताच्या ठिकाणी अणूंची एक दाट खळबळ होऊन मधोमध रिक्त स्थानांनी भरलेला विरळ भाग व भोवती आंतरस्थ अणूंचे वेष्टन तयार होत असावे, असे चित्र मांडले. हे चित्र खरे की खोटे, हे ठरविण्याइतके जलद मापन त्या वेळी शक्य नव्हते. सर्व घटना सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही शंभराव्या भागात आटोपते.

पहिले संगणकीय प्रयोग : इलेक्ट्रॉनीय संगणकाचा अणूंच्या गतीसाठी उपयोग प्रथम लॉस ॲलॅमॉस व लिव्हरमोर या अमेरिकन प्रयोगशाळांत झाला. निकोलस मेट्रोपोलिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये यादृच्छिक अंकांवर आधारलेली माँटे कार्लो पद्धती द्रवाच्या अभ्यासासाठी वापरली. बी. जे. ऑल्डर व टी. ई. वेनराइट यांनी १९५७ मध्ये कठीण गोलकांच्या समूहाची गती न्यूटन यांच्या नियमांनुसार संगणकावर काढली. या दुसऱ्या पद्धतीला रेणवीय गतिकी असे नाव पडले. प्रत्येक अणूवरील प्रेरणा काढावयाची, तीवरून अत्यल्प कालावधीनंतरचे त्याचे स्थान व वेग काढावयाचे आणि हीच क्रिया हजारो वेळा करावयाची, असे तिचे स्वरूप आहे.

धातूंतील दोषांसाठी ही पद्धती ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जे. बी. गिब्सन, ए. एन्. गोलंड, एम्. मिलग्रम व जी. एच्. व्हिनयार्ड यांनी प्रथम वापरली. त्यांचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तांब्याच्या सु. ५०० अणूंचा एक लहानसा ठोकळा त्यांनी संगणकात उभा केला. जवळ आलेले अणू एकमेकांना दूर लोटतात हे एका घातांकी सूत्राने दर्शविले आणि ठोकळा एकत्र राखण्यासाठी त्याच्या पृष्ठावर बाहेरून प्रेरणा लावली. नंतर एका अणूला धक्का देऊन सर्व अणूंच्या हालचालींचा माग घेतला. यातून तीन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली म्हणजे, अणू कायमचा विस्थापित होण्यास लागणारी किमान ऊर्जा धक्क्याच्या दिशेवर अवलंबून असते व अनुकूल दिशेत ती सु. २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. (एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे एक व्होल्ट वर्चोभेदातून जाताना इलेक्ट्रॉनाला मिळणारी ऊर्जा.) दुसरी म्हणजे, दाट अणूंच्या रांगेतून धक्का पुढे पुढे सरकत जातो, प्रत्येक अणू पुढच्याची जागा घेतो आणि आंतरस्थ अणू मूळच्या रिक्त स्थानापासून दूर प्रकट होतो. तिसरी गोष्ट सर्वांत अनपेक्षित होती. आंतरस्थ अणू घनाकार घटकाच्या मध्यभागी एकटा बसतो, असे सर्वसाधारणपणे मानले जात असे. संगणकात मात्र दोन अणू एकाच जालकस्थानाची वाटणी करून घनाच्या कडेला समांतर असे डंबेलसारखे उभे राहिले.

या डंबेलावरून पुढे बरीच वर्षे वाद झाला, कारण तांब्यासारख्या धातूतील आंतरस्थ अणूचे रूप कोणते यावर अनुशीतनाच्या मापनांचा अर्थ अवलंबून होता. अखेर १९७०–८० या दशकात पश्चिम जर्मनीतील यूलिख येथे क्ष-किरणांच्या विसरित प्रकीर्णनाचे काळजीपूर्वक मापन झाले आणि ॲल्युमिनियम व तांबे यांतील आंतरस्थ अणू डंबेलच्याच रूपात असतात, असे आढळून आले. आर्. ए. जॉन्सन यांनी १९६४ मध्ये लोखंडाचे असेच गणित केले. तेथे डंबेल घनाच्या कडेला समांतर नसून पृष्ठकर्णाला समांतर असतो, असा निष्कर्ष निघाला व तोही पुढे ग्राह्य ठरला.

संगणकाने केवळ आधीच्या कल्पनांची छाननी केली असे नाही, तर एक नवी घटनाही उघड केली. ओक रिज येथे एम्. टी. रॉबिन्सन व ओ. एस्. ओएन हे वेगवान आयन स्फटिकात किती खोल जातात याचे गणित करीत होते. काही आयन अपेक्षेपेक्षा फारच खोल जात असल्याचे त्यांना १९६३ मध्ये आढळले. अणूंच्या रांगांमधील मोकळ्या मार्गिकांतून हे आयन जवळजवळ विनाअडथळा जात होते. त्याच सुमारास कॅनडातील चॉक रिव्हर येथील प्रयोगांत ही घटना प्रत्यक्ष दिसून आली. हैदराबाद येथे जन्मलेले भौतिकीविज्ञ अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉनाच्या ८६४ अणूंचे सदृशीकरण केले. ते कार्य द्रवासंबंधीचे असले, तरी वास्तववादी प्रेरणा वापरून अणूंच्या सतत गतीचा माग घेण्याची त्यांची रीत पुढे घन धातूंच्या अभ्यासातही रूढ झाली.

अणुभट्टीतील वायू : युरेनियमाच्या भंजनात दर १०० भंजनांमागे झेनॉन व क्रिप्टॉन यांचे मिळून सु. २५ ते ३० अणू निर्माण होतात. हे वायू अक्रिय असल्याने धातूशी रासायनिक रीत्या जोडले जात नाहीत व त्यांची विद्राव्यताही नगण्य असते. ते एकत्र येऊन बुडबुडे बनतात व इंधन फुगू लागते. इंधनाभोवतीच्या व संरचनेतील धातूंत हीलियम तयार होतो. न्यूट्रॉन शोषल्यावर बोरॉन–१० चे रूपांतर लिथियम–७ व हीलियम यांत होते. त्यामुळे पोलादातील अत्यल्प बोरॉनही त्रासदायक ठरतो. निकेल–५८ प्रथम निकेल–५९ मध्ये रूपांतरित होतो आणि त्याने आणखी एक न्यूट्रॉन शोषल्यावर हीलियम बाहेर पडतो. हा हीलियम कणसीमांवर साठून पोलाद उच्च तापमानाला ठिसूळ बनवितो.

धातूत एकटा हीलियम अणू कोठे बसेल, या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे गणित ब्रिटनमधील डी. ई. रिमर व ए. एच्. कॉट्रेल यांनी १९५७ मध्ये केले. अक्रिय वायूचा अणू तांब्यात सामावण्यास पुष्कळ ऊर्जा लागते, जड वायूंचे अणू रिक्त स्थानातच राहणे पसंत करतात, तर लहान हीलियम अणू आंतरस्थ रूपात सहज भटकू शकतो, असे त्यांना आढळले. हीलियमाच्या वर्तनाची गुरुकिल्ली येथेच आहे. तो मोकळा असेपर्यंत अतिशय चपळ असतो; परंतु रिक्त स्थान भेटले, की त्यात अडकतो. आर्. एस्. बार्न्स व डी. जे. माझी यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तांब्यातील हीलियमाचे बुडबुडे सरकताना व एकमेकांत मिसळताना पाहिले.

यानंतरची घटना अधिक चिंताजनक होती. स्कॉटलंडमधील डाउनरे येथील शीघ्र अणुभट्टीतून काढलेल्या अगंज पोलादाच्या आवेष्टनात सी. कॉथॉर्न व ई. जे. फुल्टन यांना १९६७ मध्ये असंख्य सूक्ष्म पोकळ्या आढळल्या. या पोकळ्या वायूने भरलेल्या बुडबुड्यांसारख्या नव्हत्या. त्या बहुतांशी रिक्त स्थाने एकत्र येऊन झाल्या होत्या. पोलादाचे आकारमान वाढत होते आणि शीघ्र अणुभट्ट्यांच्या अभिकल्पात ही वाढ कोणीही धरलेली नव्हती. इंधनाच्या नळ्या एकमेकींजवळ दाटीने बसविलेल्या असल्याने थोड्या फुगवट्यानेही शीतकाचा मार्ग अडण्याची भीती होती. ए. डी. ब्रेल्सफर्ड व रोनाल्ड बुलो यांनी १९७२ मध्ये या फुगवट्याचा त्वरा सिद्धांत मांडला. आंतरस्थ अणू स्थानभ्रंशांकडे किंचित अधिक ओढले जातात. मागे उरलेली रिक्त स्थाने पोकळ्यांत जमा होतात. पोकळीच्या प्रारंभिक अंकुराला टिकून राहण्यास हीलियमाचे काही अणूही पुरेसा आधार देतात. यामुळे बद्ध वायू व अणुदोष हे दोन वेगळे प्रश्न नसून एकच आहेत, हे स्पष्ट झाले.

वायूच्या बंधनाचे मापन करण्याची एक सुबक रीत कॅनडातील ई. व्ही. कॉर्नेलसेन यांनी १९७२ मध्ये टंगस्टनासाठी वापरली. टंगस्टनात हीलियमाचे आयन घुसवून नंतर धातूचे तापमान हळूहळू वाढवावयाचे व कोणत्या तापमानाला किती वायू सुटतो ते पाहावयाचे, अशी ही रीत आहे. प्रत्येक प्रकारच्या सापळ्यातून वायू ठराविक तापमानाला सुटतो. संगणकाने काढलेल्या बंधन ऊर्जांची पडताळणी करण्यास हे मापन फार उपयोगी पडले.

हीलियमाचे स्वयंबंधन : अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या लिव्हरमोर शाखेत डब्ल्यू. डी. विल्सन, सी. एल्. बिसन व एम्. आय्. बास्कस यांनी १९७०–८० या दशकात धातूंतील हीलियमाचे गणित चिकाटीने पुढे नेले. ट्रिटियम हा हायड्रोजनाचा किरणोत्सर्गी समस्थानिक असून त्याचे अर्धायुष्य सु. १२·३ वर्षे आहे. त्याच्या ऱ्हासातून हीलियम–३ तयार होतो. ट्रिटियम धातूत साठविल्यास धातूला न्यूट्रॉनांचा एकही आघात न होता हीलियम निर्माण होत राहतो. अशा धातूत हीलियमाला अडकविणारी रिक्त स्थाने फारच थोडी असतात. तरीही त्यात बुडबुडे होतात, ते कसे असा प्रश्न होता.

विल्सन, बिसन व बास्कस यांनी १९८१ मध्ये त्याचे उत्तर दिले. निकेलातील आंतरस्थ हीलियम अणूंचा संगणकावर अभ्यास केला असता ते एकमेकांजवळ जमतात, असे दिसले. पाच अणू एकत्र आले, की त्यांच्या दाबाने निकेलाचा एक अणू जागेवरून बाहेर ढकलला जातो आणि हीलियमाचा पुंजका स्वतःसाठी रिक्त स्थान निर्माण करतो. आठ अणूंच्या पुंजक्याने दोन, तर सोळांच्या पुंजक्याने पाचांपेक्षा अधिक रिक्त स्थाने निर्माण केली. पुंजका मोठा होईल तशी पुढच्या अणूची बंधन ऊर्जा वाढत जाते. म्हणजे हा सापळा कधी भरत नाही. या घटनेला स्वयंबंधन म्हणतात. ट्रिटियमयुक्त धातूंवरील निरीक्षणांशी हे निष्कर्ष जुळले.

बुडबुड्यांतील दाबाची कल्पना साध्या हिशेबानेही येते. समतोल बुडबुड्यातील दाब पृष्ठऊर्जेच्या दुपटीला त्रिज्येने भागून मिळतो. धातूची पृष्ठऊर्जा दर चौ. मी.स १·५ जूल धरल्यास एक नॅनोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यात सु. ३०,००० वातावरणे इतका दाब असतो. एवढ्या दाबाखाली जड अक्रिय वायू घनरूप होतात. ॲल्युमिनियम, तांबे, निकेल यांसारख्या धातूंत घन झेनॉन, आर्गॉन व क्रिप्टॉन यांचे सूक्ष्म स्फटिक असल्याचे १९८४–८५ मध्ये विवर्तन प्रयोगांनी सिद्ध झाले.

अणूंमधील प्रेरणांचा प्रश्न : संगणकाचे उत्तर त्याला दिलेल्या प्रेरणांच्या सूत्राइतकेच विश्वसनीय असते. सुरुवातीची सूत्रे अणूंच्या जोड्यांवर आधारलेली होती. म्हणजे दोन अणूंमधील प्रेरणा केवळ त्यांच्यातील अंतरावर अवलंबून आहे, असे मानलेले असे. धातूंच्या बाबतीत हे गृहीत अपुरे पडते. शुद्ध जोडी-सूत्रानुसार रिक्त स्थान निर्माण करण्यास लागणारी ऊर्जा एका अणूच्या संसंजन ऊर्जेच्या जवळपास यावयास हवी. तांब्यासाठी संसंजन ऊर्जा सु. ३·५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, तर रिक्त स्थानाची प्रायोगिक ऊर्जा सु. १·३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. धातूतील इलेक्ट्रॉन सर्व अणूंचे सामाईक असल्याने एखाद्या अणूचे शेजारी कमी झाले, की उरलेले बंध अधिक बळकट होतात. ही गोष्ट जोडी-सूत्रात येऊ शकत नाही.

यावर १९८०–९० या दशकात उपाय सापडला. एम्. एस्. डॉ व बास्कस यांनी १९८३–८४ मध्ये अंतःस्थापित अणूची पद्धती मांडली. प्रत्येक अणू शेजाऱ्यांनी निर्माण केलेल्या इलेक्ट्रॉन घनतेत बुडालेला आहे आणि त्याची ऊर्जा त्या घनतेवर अवलंबून आहे, अशी तिची मूळ कल्पना आहे. या पद्धतीचा पहिला उपयोगच हायड्रोजनामुळे निकेल कसे ठिसूळ होते हे दाखविण्यासाठी झाला, हे लक्षणीय होय. ब्रिटनमधील हार्वेल येथे एम्. डब्ल्यू. फिनिस व जे. ई. सिंक्लेअर यांनी १९८४ मध्ये लोखंड, टंगस्टन यांसारख्या धातूंसाठी याच स्वरूपाचे सूत्र दिले. ही सूत्रे जोडी-सूत्रांइतकीच जलद सोडविता येत असल्याने थोड्याच काळात ती सर्वत्र रूढ झाली.

दुसरा मार्ग पुंजयामिकीचा होता. वॉल्टर कोन यांनी पी. होहेनबर्ग (१९६४) व एल्. जे. शॅम (१९६५) यांच्याबरोबर मांडलेल्या घनता फलन सिद्धांतामुळे कोणतेही प्रायोगिक स्थिरांक न वापरता धातूची ऊर्जा काढणे तत्त्वतः शक्य झाले. कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेकडो अणूंच्या ठोकळ्यातील दोषासाठी हे गणित करण्याइतके समर्थ संगणक मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस उपलब्ध झाले. २००५ मध्ये फ्रान्समधील चू-चुन फू व फ्रांस्वा व्हिलेम यांनी लोखंडातील हीलियमाचे असे गणित प्रसिद्ध केले. जुन्या जोडी-सूत्रांनुसार आंतरस्थ हीलियम अष्टफलकीय पोकळीत बसत असे. नव्या गणितानुसार तो चतुष्फलकीय पोकळीत बसतो. त्याला सरकण्यास अवघी ०·०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, पण रिक्त स्थानातून सुटण्यास सु. २·३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे रिमर व कॉट्रेल यांनी रेखाटलेले सर्वसाधारण चित्र टिकले. परंतु अनेक वर्षे वापरात असलेला एक तपशील बदलावा लागला. त्यानंतर लोखंड–हीलियम यांची सूत्रे नव्याने बेतण्यात आली.

काल व विस्तार यांच्या मर्यादा : रेणवीय गतिकीत काळाची एक पायरी सेकंदाच्या सु. १० चा उणे १५ वा घात एवढी लहान ठेवावी लागते. अणुभट्टीचे आयुष्य ४० वर्षे, म्हणजे एक अब्ज सेकंदांहून अधिक असते. ही दरी कोणत्याही संगणकाने सरळ ओलांडता येत नाही. म्हणून प्रश्नाचे टप्पे पाडतात. आघात व त्यानंतरचे काही पिकोसेकंद रेणवीय गतिकीने, उरलेल्या दोषांची भटकंती माँटे कार्लो पद्धतीने आणि वर्षानुवर्षांची वाढ त्वरा सिद्धांताने काढतात. रिक्त स्थानांच्या भटकंतीसाठी माँटे कार्लो पद्धती डब्ल्यू. एम्. यंग व ई. डब्ल्यू. एल्कॉक यांनी १९६६ मध्येच वापरली होती.

विस्थापनांची गणना करण्यासाठी एम्. जे. नॉर्गेट, रॉबिन्सन व आय्. एम्. टॉरेन्स यांनी १९७५ मध्ये दिलेले सूत्र आंतरराष्ट्रीय मानक बनले. ‘दर अणूमागे विस्थापने’ हे त्याचे एकक होय. शीघ्र अणुभट्टीच्या आवेष्टनासाठी हा आकडा शंभराच्याही वर जाऊ शकतो. म्हणजे हिशेबाने धातूतील प्रत्येक अणू शंभराहून अधिक वेळा जागेवरून हललेला असतो. टी. डियाझ दे ला रुबिया, आर्. एस्. ॲव्हरबॅक व सहकारी यांनी १९८७ मध्ये तांब्यातील विस्थापन प्रपाताचे सदृशीकरण केले, तेव्हा प्रपाताचा गाभा क्षणभर वितळल्यासारखा होऊन पुन्हा घट्ट होतो असे दिसले. ए. एफ्. काल्डर व डी. जे. बेकन यांनी १९९३ मध्ये लोखंडावर केलेल्या गणितात मानक सूत्राने मिळणाऱ्या दोषांपैकी उच्च ऊर्जेला सु. एक तृतीयांशच शिल्लक राहतात, असे आढळले. ब्रिंकमन व झेगर यांनी तीन दशकांपूर्वी मांडलेल्या चित्राचा गाभा अशा रीतीने खरा ठरला.

हायड्रोजन : हायड्रोजनाचा प्रश्न हीलियमाहून वेगळा आहे. तो धातूशी बंध करतो, पुष्कळ धातूंत विरघळतो व त्यांना ठिसूळ करतो. पोलादावरील हा परिणाम डब्ल्यू. एच्. जॉन्सन यांनी १८७५ मध्येच नोंदविला होता. एका रिक्त स्थानी हायड्रोजनाचे सहापर्यंत अणू अडकू शकतात, असे १९८०–९० या दशकात डेन्मार्कमधील गणितांवरून व अमेरिकेतील आयनशलाका प्रयोगांवरून दिसून आले. उलट, हायड्रोजनामुळे रिक्त स्थान निर्माण करणे सोपे होते. जपानमधील यूह फुकाई व एन्. ओकुमा यांनी १९९४ मध्ये उच्च दाबाच्या हायड्रोजनात ठेवलेल्या पॅलॅडियमात नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक रिक्त स्थाने असल्याचे दाखविले.

जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील झिर्कोनियम मिश्रधातूच्या दाबनळ्या गंजताना ड्यूटेरियम शोषतात. कॅनडातील पिकरिंग येथे ऑगस्ट १९८३ मध्ये अशी एक नळी बाहेरील थंड नळीला टेकली, त्या ठिकाणी हायड्राइडाचे फोड आले व नळी लांबवर फाटली. त्यामुळे वायूचे एकूण प्रमाण मोजणे पुरेसे नसून तो तापमान व ताण यांनुसार कोठे जमा होईल, हे आधी सांगता येणे आवश्यक आहे, हे पटले.

भारतातील कार्य : भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमात जड पाण्याच्या व शीघ्र अशा दोन्ही प्रकारच्या अणुभट्ट्या असल्याने हा विषय येथेही महत्त्वाचा ठरला. तारापूर येथे २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या अणुभट्ट्यांत झिर्कोनियम–नायोबियम मिश्रधातूच्या दाबनळ्या आहेत. कल्पाक्कम येथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्राला १९८५ मध्ये इंदिरा गांधी यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी तेथील शीघ्र प्रजनक चाचणी अणुभट्टी कार्यान्वित झाली. धातूंतील हीलियम बुडबुड्यांचा पॉझिट्रॉनांच्या साहाय्याने अभ्यास आणि पोकळ्यांच्या वाढीचा सिद्धांत या विषयांवर या केंद्रात कार्य झाले आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने मोठ्या वैज्ञानिक गणितांसाठी १९९१ पासून ‘अनुपम’ या मालिकेतील समांतर संगणक बनविले.

मूल्यमापन : अणुसंघटनाच्या अणुभट्टीत हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. तिच्यातील १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन पोलादात दर अणूमागे एक विस्थापन होताना दर दहा लक्ष अणूंमागे हीलियमाचे सु. १० अणू निर्माण करतात. भंजन अणुभट्टीच्या बहुतेक पोलादांत हे प्रमाण पुष्कळच कमी असते. इतक्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचा पुरेसा तीव्र स्रोत उपलब्ध नसल्याने द्रव्याची निवड मोठ्या अंशी प्रतिमानांवर विसंबून करावी लागते. याउलट हीलियम आयनद्रायूत तापलेल्या टंगस्टनाच्या पृष्ठावर केसाळ बुरशीसारखी सूक्ष्म वाढ होते, ही गोष्ट जपानमधील प्रयोगांत २००६ मध्ये प्रथम पुढे आली. प्रतिमानांनी तिचे स्पष्टीकरण देण्याचे प्रयत्न नंतर केले.

या इतिहासावरून संगणकीय प्रतिमानीकरणाचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. डंबेल, मार्गिकांतून जाणारे आयन व हीलियमाचे स्वयंबंधन या बाबतींत संगणकाने प्रयोगाच्या बरोबरीने किंवा त्याच्या आधी योग्य उत्तर दिले. पोलादातील पोकळ्या व टंगस्टनावरील वाढ या बाबतींत मात्र निसर्गाने प्रथम धक्का दिला आणि गणित मागून आले. प्रतिमानात जी घटना घातलेलीच नाही, तिचा इशारा ते देऊ शकत नाही. म्हणून प्रतिमानाने काढलेल्या आयुर्मर्यादेची प्रत्यक्ष अणुभट्टीतून काढलेल्या नमुन्यांवरून वारंवार पडताळणी करणे, हा या शास्त्राचा अनिवार्य भाग मानला जातो.